परशू, दात आणि कान

काल आपण अठरा पुराणांच्या दागिन्यांपाशी आणि काव्य-नाटकांच्या घुंगरांपाशी थांबलो होतो. आज ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातली दहावी ओवी आणि तिच्या पुढच्या सहा. माउली गणेशाचं वर्णन करताहेत, पण हा गणपती मखरातला नाही, वाङ्मयाचा आहे. सहा दर्शनं हे त्याचे हात. आणि इथे माउली सहज जाता जाता सांगतात की या हातांत वेगवेगळी आयुधं आहेत, कारण दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही. देवाच्याच हातांचं आपसात पटत नाही! मी पहिल्यांदा अर्थासकट वाचलं तेव्हा इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. मतभेद हा देवाच्या शरीराचा भाग आहे, तो बाहेरून आलेला रोग नाही.

मग एकेक हात. तर्क हा परशू. नीतिभेद हा अंकुश. वेदान्त हा मोदक. एका हातात मोडलेला दात आहे, ते वार्तिककारांनी खंडन केलेलं बौद्ध मत. (यावर एक शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी न्यायशास्त्राला इतकं छळलं नसतं, तर न्यायशास्त्राला ती धारच आली नसती. आणि माउलींनी तो मोडका दात फेकून दिलेला नाही. खंडन झालेलं मतही देवाच्या हातातच आहे.) पुढे विवेक ही सरळ सोंड. संवाद हा शाबूत दात, आणि त्याचा पांढरा रंग म्हणजे समता. शेवटी दोन्ही मीमांसा कानांच्या जागी.

आज मला तीनच गोष्टींवर बोलायचंय. परशू, दात आणि कान.

माझ्या पोटापाण्याच्या उद्योगामुळे माझी नजर आधी परशूवर जाते. दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? असं असेल तर तसं कर, नाहीतर असं कर. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स नावाचा विषय होता. त्यात सरांनी सांगितलं की ज्या 'जर-तर' वाक्यातला 'जर' खोटा आहे, ते सबंध वाक्य खरं धरायचं. सगळा वर्ग हसला होता. 'मला शिंगं असतील तर आज चंद्र चौकोनी आहे' हे खरं? कागदावर हो. कारण तर्क फक्त वाटेची हमी देतो. तुम्ही निघालात कुठून, याची नाही.

युक्तिवाद म्हणजे भांडण नव्हे, हे आधी सांगून ठेवतो. काही विधानांवर उभं राहून आपण एका नव्या विधानावर पोचतो. ज्यांच्यावर उभे राहिलो ती आधारविधानं, जिथे पोचलो तो निष्कर्ष. आता हे बघा: सगळे वारकरी माळकरी असतात, अमुक गृहस्थ वारकरी आहेत, म्हणून ते माळकरी आहेत. वाट एकदम बरोबर आहे. दोन्ही आधार खरे असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. अशा युक्तिवादाला वैध म्हणतात. पण पहिलं विधान खरं आहे का? आळंदीहून पुण्यापर्यंत चालणारी आमची आयटीवाली मंडळी बघितली की गळ्यात माळेऐवजी कंपनीचं ओळखपत्र दिसतं. म्हणजे युक्तिवाद वैध, पण पाया कच्चा. उलट असंही होतं: सगळे वारकरी माळ घालतात, हे गृहस्थ माळ घालतात, म्हणून ते वारकरी. इथे दोन्ही आधार आणि निष्कर्षसुद्धा खरे निघतील एखादवेळी, पण वाटच चुकलेली आहे. योगायोगाने घर सापडलं, एवढंच. वैध असणं वेगळं आणि सत्य असणं वेगळं. एवढी एक गोष्ट घट्ट धरली तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचे निम्मे वाद कसे गुंडाळायचे ते कळतं.

आपल्याकडे गौतमांच्या न्यायसूत्रांत युक्तिवादाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कशावरून? धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने हेच काम तीन विधानांत बसवलं. मग आपल्या लोकांना पाच कशाला लागली? कारण त्यांनी अनुमानाचे दोन प्रकार पाडले. एक स्वतःसाठी, एक दुसऱ्यासाठी. स्वतःला पटायला धूर दिसला की पुरे. समोरच्याला पटवायचं असेल तर त्याच्या ओळखीच्या चुलीपाशी त्याला घेऊन जावं लागतं, आणि मग हात धरून परत डोंगराकडे आणावं लागतं. उदाहरण आणि उपनय त्यासाठी. म्हणजे समोर बसलेला माणूस युक्तिवादाच्या रचनेतच धरलेला आहे. मला हे फार आवडतं. कोडमध्ये ही सोय नसते. कंपायलरला चूल दाखवावी लागत नाही.

आता हे सगळं ज्यासाठी सांगतोय तिकडे येतो.

माझे मामा फलटणजवळच्या गावात राहतात. बावीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पायी वारी. पालखी त्यांच्या गावाच्या जवळूनच जाते, पण ते रीतसर आळंदीला जाऊन ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापासून चालायला सुरुवात करतात. वय चौऱ्याहत्तर. गेल्या हिवाळ्यात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. आणि ज्येष्ठ लागला तशी पताका बाहेर निघाली. घरात रणकंदन. मामेभावाने मला फोन करून बोलावलं, "तू ये, तुझं ऐकतात ते." ऐकतात म्हणजे काय, भाच्याला चहा जास्त मिळतो एवढंच. पण गेलो.

मामेभाऊ मेकॅनिकल इंजिनीअर आहे. त्याचा युक्तिवाद तयार होता. हृदयाच्या पेशंटने दगदग करू नये. वारी म्हणजे दगदग. तुम्ही हृदयाचे पेशंट. तेव्हा वारी नाही. वाट बिनचूक. मामांचा युक्तिवाद त्याहून छोटा: "बावीस वर्षं गेलो, बावीस वर्षं सुखरूप आलो. माउली नेते, माउली आणते. यंदाही आणेल." वर एक पुरवणी जोडली, "डॉक्टरच म्हणालाय, चालत जा रोज."

ही पुरवणी ऐकून मला हसू आवरेना. न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात. त्याचं जुनं उदाहरण 'नवकंबल' या शब्दाचं आहे. कुणीतरी म्हणतो, हा मुलगा नव कंबल घेऊन आलाय, म्हणजे नवी घोंगडी. ऐकणारा म्हणतो, छे, नऊ कुठेत, एकच तर दिसतेय! डॉक्टरचं 'चालणं' म्हणजे सकाळी अर्धा-पाऊण तास पारापर्यंत. मामांचं 'चालणं' म्हणजे अडीचशे किलोमीटर. पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा, त्यात दिवेघाट. शब्द एक, अर्थ दोन. मात्र मामेभावाच्या 'दगदग' शब्दातही तीच गडबड होती, फक्त ती शिकलेल्या माणसाची असल्यामुळे लगेच दिसत नव्हती. डॉक्टरांनी चढ, ऊन आणि अपुरी झोप टाळायला सांगितलं होतं. 'दगदग' हा शब्द मुलाचा. त्या शब्दात त्याने सबंध वारी कोंबली होती.

बावीस वर्षांचं काय? तिथे मामा एक व्याप्ती मांडत होते: जिथे जिथे वारी, तिथे तिथे सुखरूप परतणं. चार्वाकांनी अनुमानावर आक्षेप घेतला तो नेमका इथेच. तुम्ही पाहिलेत ते मोजके धूर आणि मोजक्या आगी. सगळ्या काळातल्या सगळ्या धुरांबद्दल कसं काय बोलता? आक्षेप दमदार आहे, आणि कुणी काहीही म्हणो, तो पूर्ण मिटलेला नाही. पण नैयायिकांनी त्यातून एक उपयोगी गोष्ट काढली. ती म्हणजे उपाधी. 'जिथे धूर तिथे आग' चालतं. 'जिथे आग तिथे धूर' चालत नाही, कारण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर निघायला सरपण ओलं लागतं. ही ओल म्हणजे उपाधी, न बोललेली अट. मामांच्या बावीस वर्षांमागेही अशीच एक न बोललेली अट होती. तेव्हा हृदय निरोगी होतं. अट बदलली, तर बावीसच काय, पन्नास उदाहरणंही तेविसाव्याबद्दल पूर्वीच्या खात्रीने बोलत नाहीत. आमच्याकडे टेस्टिंगमध्ये हे रोज होतं. दोन वर्षं चाललेला कोड नव्या सर्व्हरवर बसवला की पहिल्या रात्रीच झोपतो, आणि सगळे म्हणतात, 'पण आतापर्यंत तर चालत होता!'

घरात जमलेल्या बाकीच्या पाहुण्यांनी हेत्वाभासांचं प्रदर्शनच मांडलं होतं. एकजण म्हणाले, तुझा पोरगा कधी पंढरीला गेलाय का, त्याला काय कळतंय. (तो गेला नसेल, पण त्यामुळे ईसीजी बदलत नाही.) दुसरे म्हणाले, एकदा का माणूस घरी बसला की सहा महिन्यांत खाटेला लागतो. आणि मामांची स्वतःची तक्रार: गोळ्या सुरू केल्यापासून गुडघे दुखायला लागले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. गुडघे पाच वर्षांपासून दुखताहेत, मामी रोज तेल लावतात, सगळ्या गावाला माहितीय.

इथवर परशूचं काम. सपासप फांद्या तुटल्या. पण खरं सांगू का, ज्या झाडासाठी चाललं होतं ते जागचं हललंही नव्हतं.

कारण थोड्या वेळाने, गर्दी पांगल्यावर, मामा ओसरीवर तंबाखू मळत मला म्हणाले (डॉक्टरांनी बंद केलीय, तो आणखी वेगळा विषय), "अरे, काही होणार नाही हे मी ह्यांच्यासाठी म्हणतोय. झालं तर झालं. मला विचारायचंय ते वेगळंच आहे. मी माळ घालताना शब्द दिलाय. पाय चालताहेत तोवर मोडायचा का?"

हा प्रश्न वेगळ्याच हाताचा आहे.

तत्त्वज्ञानाच्या शाखा म्हणून आपण जी नावं ऐकतो ती मला आधी परीक्षेतल्या व्याख्यांसारखी वाटायची. सत्ताशास्त्र विचारतं, आहे काय? ज्ञानशास्त्र विचारतं, जे आहे ते आपल्याला कळतं कसं, आणि कळलं हे कशावरून म्हणायचं? नीतिशास्त्र विचारतं, मग करायचं काय? तर्कशास्त्र या सगळ्यांच्या घरी जाऊन काम करणारं. सौंदर्यशास्त्र वगैरे आणखी आहेत, ती आज बाजूला ठेवू. पण त्या ओसरीवर मला स्पष्ट दिसलं की दिवसभर आम्ही तीन शाखांचे तीन प्रश्न एकाच पातेल्यात घालून ढवळत होतो. वारीत मामांच्या हृदयाला धोका किती, हा ज्ञानाचा प्रश्न. त्याला प्रमाण लागतं, तपासणी लागते, डॉक्टर लागतो. माउली सांभाळते म्हणजे नक्की काय होतं, हा सत्तेचा प्रश्न. तो मामा आणि मुलगा एका संध्याकाळी सोडवतील, ही अपेक्षाच धरू नये. दोन-अडीच हजार वर्षं मोठमोठ्यांना पुरलाय. आणि दिलेला शब्द जिवाच्या जोखमीवर पाळावा का, हा नीतीचा, धर्माचा. मुलगा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन तिसरा जिंकू पाहत होता. मामा तिसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या तोंडी घालत होते, कारण त्यांना वाटलं शिकलेली पोरं तेवढंच ऐकतात.

अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने एक निरीक्षण नोंदवलं. लोक 'असं आहे, असं आहे' म्हणता म्हणता एकदम 'असं केलं पाहिजे' वर उडी मारतात, आणि मधला पूल कुणी दाखवत नाही. 'हृदय अधू आहे' यातून 'वारीला जाऊ नये' हे आपोआप निघत नाही. मध्ये एक विधान दडलंय: आयुष्य लांबवणं हे शब्द पाळण्यापेक्षा मोठं आहे. ते खरं असेलही. मला स्वतःला बऱ्याचदा ते खरं वाटतं. पण ते ईसीजीच्या कागदावर छापून येत नाही. ते कुणीतरी उघड बोलायला हवं आणि त्याची जबाबदारी घ्यायला हवी.

आपल्या मीमांसकांनी हीच गोष्ट फार आधी दुसऱ्या बाजूने पकडली होती. जैमिनी म्हणतात तो धर्म डोळ्यांनी दिसणारी वस्तू नाही. काय करावं हे प्रत्यक्षाने कळत नाही, ते विधीतून, शब्दातून कळतं. मीमांसकांना अर्थात वेदाचा शब्द अभिप्रेत आहे. मी तेवढा अधिकारी नाही, म्हणून त्या वादात शिरत नाही. पण माउलींनी दोन्ही मीमांसा कुठे ठेवल्यात पाहा. हातात नाहीत, आयुध म्हणून नाहीत. कानांच्या जागी! 'आहे' ते बघता येतं. 'केलं पाहिजे' ते ऐकावं लागतं. मामांचा खरा प्रश्न दिवसभरात कुणाच्या कानावर पडला नव्हता, कारण सगळ्यांचे हात परशूवर होते.

हे म्हणताना मी तर्काला कमी लेखतोय असं कृपा करून समजू नका. आमच्या भाविक मंडळींत एक सोयीस्कर पळवाट असते, 'तर्काने काही मिळत नाही, श्रद्धा हवी'. माउलींनी परशू देवाच्या हातात दिलाय, अडगळीत टाकलेला नाही. मामांचा वाक्छल तर्कानेच उघडा पडला, आणि पडायलाच हवा होता. 'माउली नेते' म्हणत धडधडत्या छातीने दिवेघाट चढणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की परशू कुणावर उगारायचा.

याचंही उत्तर न्यायसूत्रांत आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार केलेत. सत्य शोधायला दोघे बसले तर तो वाद. जिंकायला बसले आणि छल-कपट चालवून घेतलं तर जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं पाडायचं, ती वितंडा. आपण मराठीत 'वाद घातला' म्हणतो ते बहुतेक वेळा जल्प असतं, आणि समाजमाध्यमांवरचं तर नव्व्याण्णव टक्के वितंडा. (हा आकडा माझा, शास्त्राचा नाही.) वाद कुणाशी करावा, तेही सांगितलंय: शिष्य, गुरू, बरोबर शिकणारे, कल्याणाची इच्छा असणारे, आणि ज्यांच्या मनात मत्सर नाही असे. जल्प-वितंडा निषिद्ध नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालावं तसा त्यांचा वापर करायचा. पण कुंपण गुरांसाठी. घरातल्या माणसाला काटे घालायचे नसतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात तेव्हा वादविवाद करणाऱ्यांमध्ये मी 'वाद' आहे असं म्हणतात. जल्पाचं आणि वितंडेचं नाव घेत नाहीत. आणि माउलींनी संवादाच्या दाताचा रंग सांगितला, तो समता. समता म्हणजे दोघांची मतं सारखी होणं नाही. माझ्या हरण्यात आणि तुझ्या हरण्यात मला फरक वाटू नये, एवढं.

दुसऱ्या दिवशी मामेभावाने एक चांगली गोष्ट केली. डॉक्टरांना फोन करून 'वारीला जाऊ दे का' असं विचारलं नाही. सपाट रस्ता, पहाटे निघून ऊन चढायच्या आत थांबायचं, रोज अमुक इतकंच अंतर, हे चालेल का, असं विचारलं. डॉक्टरांनी बोलावून ट्रेडमिलवर चालवून तपासलं. पहिल्या टप्प्यांना आणि घाटाला स्पष्ट नाही म्हणाले. फलटणच्या पुढे, तब्येत बघत बघत, थोडं थोडं, सोबत कुणी असेल तर हरकत नाही. थकलात की दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं. ज्ञानाचा प्रश्न ज्ञानाच्या शाखेत सुटला, तेवढ्यापुरता.

लगेच नवा उभा राहिला. दिंडीतले एक जुने सोबती आले होते, ते म्हणाले, "अर्धी चालायची, अर्धी ट्रकात बसायचं, ही काय वारी झाली?"

हा प्रश्न तथ्याचा नाही, नीतीचाही नाही. हा लक्षणाचा, व्याख्येचा. व्याख्येत तीन दोष असू शकतात असं शास्त्र सांगतं आणि त्यासाठी बिचाऱ्या गायीला उभं करतं. 'शिंगं असते ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस असते ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. मग गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर येऊन थांबायचं. आता वारी म्हणजे काय? आळंदी ते पंढरपूर पायी चालणं? मग ज्या ट्रेकिंगवाल्याने हौस म्हणून ते अंतर कापलं त्याचीही वारी झाली, आणि पाय नसलेला जो माणूस तीनचाकीवरून जातो त्याची नाही झाली. सोबत्यांना मी हे विचारलं. ते म्हणाले, तसं नाही रे, पण पायीचं ते पायीचं. त्यांचंही चुकत नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या बरोबरीने पावलं टाकली तो यंदा दिवेघाटात शेजारी नसणार, हे त्यांना असं व्याख्येच्या भाषेत बोलावं लागत होतं. तेही ऐकायचंच असतं, कानांनी.

मामी तोवर आत भाकऱ्या थापत होत्या. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मी पण नाही. त्या परातीतून हात न काढता आतूनच म्हणाल्या, "वारी कशाला म्हणायचं ते ठरवताय होय? बावीस वर्षं हे तिकडे चालले तेव्हा गुरं, पेरणी, म्हाताऱ्या सासूबाईंचं सगळं मी बघितलं. ती माझी वारी मोजलीय का कुणी?"

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. मामांची तंबाखू मळायची थांबली. सोबत्यांनी टोपी काढून परत घातली.

मग मामीच बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच. "सोबत कुणीतरी पाहिजे म्हणालाय ना डॉक्टर? फलटणपासून मी जाते ह्यांच्याबरोबर. ट्रकात बसायला लागलं तर मी बसवीन, माझं ऐकतील." आणि मामेभावाकडे बघून, "तू रजा टाक. दोन म्हशी आहेत, सकाळी पाचला धार काढायची असते."

मेकॅनिकल इंजिनीअर सध्या शेजाऱ्याकडून धार काढायला शिकतोय. पहिल्या दिवशी म्हशीने बादली पाडली.

उद्या सतरावी ओवी, द्वैत आणि अद्वैत ही दोन गंडस्थळं.

राम कृष्ण हरी.